अण्णांनी बोट थंड केली

कुठलाही एसी बसवायला गेले, की अण्णा आधी अर्धा तास पंखा बंद करून त्या खोलीत नुसते बसायचे. घामाघूम झाले की उठून भिंतींवर तळहात फिरवायचे. म्हणायचे, "आदी ऊन कुटनं आत येतंय बघावं, बाई. ते भाईर काडल्याबिगर मशीन काय करणार?" बाई म्हणजे मी, त्यांची शेजारीण, शाळेत शिक्षिका. बेळगावच्या खडेबाजारात अण्णांचं दुरुस्तीचं दुकान होतं. वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाल, स्वतः अण्णा नववी नापास. पण त्यांनी हात लावलेलं मशीन पुन्हा रुसलं, असं आमच्या गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं.

ऐंशी सालाच्या आसपास मे महिन्यात पणजीहून बोलावणं आलं. एक परदेशी म्हातारा साहेब आणि त्याची मडम तिथल्या नदीत नांगरलेल्या शिडाच्या बोटीवर बिऱ्हाड करून राहत होते. दुसरं घर नव्हतंच. मडमला उकाडा सोसेना. डॉक्टर म्हणाले होते, गारव्याची सोय करा, नाहीतर बोट विकून मायदेशी जा. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांच्या आणि त्यांच्या बायकोच्या, वहिनींच्या, सोबत मीही दुभाषी म्हणून गेले.

बोटीतल्या कोंदट खोलीत अण्णा बसले, हात फिरवला, आणि आधी वर ताडपत्रीचा मांडव घातला. मग खोलीपुरता छोटा एसी बसवला. तो तापू नये म्हणून त्यात नदीचं पाणी खेळवायचं होतं. पंपाचा पाइप अण्णांनी विहिरीत सोडतात तसा पार खोल सोडला. खोली गार झाली, मडम हसली. दुपारी ओहोटी लागली आणि एसी बंद पडला.

साहेब आपल्या जनरेटरलाच शिव्या घालू लागला. अण्णांनी पाइप ओढून काढला. पाइपाच्या तोंडात चिखल. त्यांनी कडेला वाकून पाणी किती उतरलंय ते बघितलं.

"हिरीत पंप जाग्यावर ऱ्हातोय नि पाणी खाली जातंय, म्हणून पाइप लांब. हितं बोटच पाण्यासंगट खाली आली नि पाइप चिखलात रुतला. चूक माजी हाय, बाई. तसंच सांगा त्यास्नी."

मला बेळगावचं नाव राखायचं होतं. मी सांगितलं, नदीत गाळ फार आहे. साहेब नदीकडे बघायला लागला, तेव्हा अण्णांना माझी लबाडी कळली. ते पुढे झाले, छातीवर हात ठेवून म्हणाले, "मिस्टेक. माय." मग मशीन धुऊन त्यांनी पाइप आखूड केला, पाण्याखाली हातभर राहील एवढाच.

दुसऱ्या दिवशी ओहोटी आली आणि गेली, एसी चालूच राहिला. मडम आत गाढ झोपली होती. अण्णा मला बोलू देईनात. "हळू, बाई. झोपल्यात त्या."

साहेबानं हळूच मला विचारलं, हे कुठल्या कॉलेजात शिकले? या वेळी मी काहीच लपवलं नाही. नववी नापास, हमालाचा मुलगा, सगळं सांगितलं. साहेब उठून उभा राहिला. बोट काही विकली गेली नाही.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. निवृत्त होईपर्यंत फळ्यावर माझं काही चुकलं, की मी पोरांकडे वळून छातीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "चूक माझी." तेव्हा माझी मान ताठ असायची.