सांदणाची रद्द झालेली ऑर्डर

मेच्या मध्याला नादीनचा फोन आला तेव्हा मी कुकीच्या ट्रेसमोर थर्मामीटर घेऊन उभी होते. दुसऱ्या दिवशी चॉकलेट चिप डे होता आणि अबू धाबीतल्या अल रीम आयलंडवरच्या ऑफिसांना सकाळी बॉक्स पोचवायचे होते. नादीन त्यांतल्या एका शिपिंग कंपनीची ॲडमिन मॅनेजर. लेबनीज, बोलायला गोड, कामाला कडक. ती म्हणाली, जूनअखेरचा बॉक्स वेगळा हवा. कुठलाच डे नको. त्या दिवशी यासीन डे आहे.

अन्वी, निल, हे तुम्हाला कळायला आधी आमचं काम सांगते. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आमचं सेंट्रल किचन होतं. म्हणजे एक मोठा खाद्यपदार्थांचा कारखाना, जिथून तयार खाणं व्हॅनमधून ऑफिसांत आणि शाळांत जातं. मी तिथे क्वालिटी मॅनेजर होते. पदार्थ चांगला आहे का यापेक्षा तो पोचेपर्यंत चांगला राहील का, हे बघणं माझं काम. मालकांचा मुलगा विवेक याने ‘डे बॉक्स’ काढले होते. नॅशनल डोनट डे, नॅशनल कपकेक डे, आइसक्रीम सँडविच डे. ज्या दिवशी जो डे, त्याचा बॉक्स. हे सगळे नॅशनल डे कोणत्या नेशनचे, असं मी त्याला विचारलं होतं.

“काकू, अमेरिकेचे,” तो म्हणाला. “पण खाणारे सगळ्या नेशनचे आहेत ना?”

तुम्हीही कॅलगरीहून फोन करता आणि सांगता, “आजी, टुडे इज पॅनकेक डे.” त्यामुळे मी या कल्पनेला नावं ठेवत नाही. तुमचा फोन येतो, हे मला पुष्कळ आहे.

तर यासीन डे. यासीनभाई हे त्या कंपनीतले डॉक्युमेंटेशन सुपरवायझर. जहाजावर चढणाऱ्या मालाची कागदपत्रं त्यांच्या हाताखालून जात. दाभोळच्या खाडीकाठचे. विशीत इथे आले ते आता निवृत्त होऊन परत निघाले होते. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि बहुतेकांचं इथलं घरही संपतं. नादीनने त्यांना विचारलं होतं, तुमच्या गावचा सगळ्यांत आवडता गोड पदार्थ कोणता. त्यांनी सांगितलं, फणसाचं सांदण. तिला ते नाव धड म्हणता येईना. “तू त्याच भागातली आहेस ना, हबीबती? मग तूच बघ. युरोपहून मोठे बॉस येणार आहेत, त्यांच्या हातून त्याला घड्याळ द्यायचं आहे. खाणं परफेक्ट हवं.”

मी चिपळूणची. सांदण मला सांगावं लागत नाही. तांदळाचा रवा, फणसाचा रस, गूळ, नारळाचं दूध, चिमूटभर मीठ. कालवायचं, भिजू द्यायचं, वाट्यांत घालून वाफवायचं. यासीनभाईंकडे ईदला पांढरं सांदणही करतात, पण त्यांना फणसाचंच हवं होतं. माझी आई मे महिन्यात करायची. मी होकार देऊन फोन ठेवला आणि नंतर विचार करायला बसले.

पहिली अडचण होती थंडीची. आमच्याकडे नियम असा की किचनमधून निघालेला पदार्थ एकतर चांगला गार ठेवायचा नाहीतर चांगला गरम. मधल्या तापमानात जंतू वाढतात. केक गार करून पाठवता येतो. सांदण गार केलं की टणक होतं. रात्रीचा भात फ्रीजमधून काढल्यावर कसा कडक लागतो, तसं. शिजलेल्या तांदळाला थंडी सोसत नाही. म्हणून मी ते हॉट बॉक्समधून पाठवायचं ठरवलं. हॉट बॉक्स म्हणजे जाड भिंतींची पेटी, आत ठेवलेलं तासन्‌तास कढत राहतं. पहिल्या ट्रायलला झाकणावरचं पाणी सांदणांवर ठिबकलं आणि त्यांचा लगदा झाला. दुसऱ्या वेळी वरून कापड बांधलं, जशी माझी आई मोदकपात्राला बांधायची. ते जमलं.

दुसरी अडचण फणसाची. फणस दोन जातींचा. कापा म्हणजे करकरीत गऱ्यांचा, सुरीने कापून खायचा. बरका म्हणजे मऊ, रसाळ, घशातून आपोआप उतरणारा. सांदणाला बरकाच लागतो. पण बरका प्रवास करत नाही. पिकला की झाडाखाली पडून फुटतो. त्यामुळे दुबईच्या बाजारात केरळहून येतो तो सगळा काप्यासारखा. मी दुकानात एका फोडीची किंमत विचारली. तीस दिरहम. म्हणजे सातशे रुपये, असं मी तिथेच मोठ्याने म्हटलं. आमच्याकडे उरलेला बरका लोक गुरांना घालतात. दुकानदार मलयाळी होता, तो हसला. म्हणाला, आमच्याकडेही.

कापा मिक्सरमधून काढला, जाड चाळणीतून घासला, थोडं नारळाचं दूध वाढवलं. वास आला. रंग आला. रसाचा तो लिबलिबीतपणा आला नाही. विवेकने एक चाखून अंगठा वर केला. पण त्याचा जन्म शारजाचा. त्याचं मत मी धरलं नाही.

आमच्याकडे रीत अशी की नवा पदार्थ क्लायंटने चाखून होकार दिल्याशिवाय पाठवायचा नाही. मी अबू धाबीतल्याच खलिफा सिटीत राहते; घरी जाताना थोडी वाट वाकडी केली तर अल रीम लागतं. मी छोट्या हॉट बॉक्समध्ये सांदणं घेतली आणि संध्याकाळी नादीनच्या ऑफिसात गेले. ती मीटिंगमध्ये होती. मी म्हटलं, बरंच झालं, ज्याचा डे आहे त्यालाच चाखू दे.

यासीनभाई पँट्रीत आले. इस्त्रीचा शर्ट, पांढरी दाढी नीट कातरलेली. आधी माझं माहेर कुठलं ते विचारलं, मग बसले. सांदणाचा वाडगा दोन्ही हातांत धरून आधी नुसता वास घेतला. मग चमच्याने अगदी लहान तुकडा तोडला. खाताना ते खिडकीकडे बघत होते. खाली खाडीचं पाणी होतं, पण त्याला काठ म्हणून सगळं काँक्रीट.

“छान आहे, मॅडम. शुक्रिया.”

मी सांगितलं की नुसतं छान म्हणून माझं काम होत नाही. गोड जास्त झालं का, फणस पुरेसा लागतो का, रवा भरड आहे का, असं नेमकं सांगा. त्यांनी आणखी एक घास घेतला. मग चमचा खाली ठेवला.

“कशाशी ताडून सांगू, मॅडम? मला चव आठवत नाही.”

मला वाटलं, ते चेष्टा करताहेत. तुम्हीच तर सांदण सांगितलंत, मी म्हटलं.

“आठवत नाही म्हणूनच सांगितलं.”

मग ते बोलले. युरोपातले क्लायंट ऑगस्टमध्ये सुट्टीवर जातात, ऑफिसात काम कमी असतं, म्हणून यांना रजा नेहमी ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये गावात फणस कुठला? झाडं भिजत उभी. बायको, जुबेदा, मे महिन्यात सांदणं करायची आणि फोनवर सांगायची की आज केली. पुढे व्हिडिओवर दाखवायची. पाठवता येत नव्हती, दुसऱ्या दिवशी आंबतात. ती यांच्यासाठी आठळ्या तेवढ्या मातीत पुरून ठेवायची. आठळ्या म्हणजे फणसाच्या बिया. त्या पावसाळाभर टिकतात.

“फणस पोरांनी खाल्ला, मॅडम. मी सारी उमर आठळ्या खाल्ल्या.” ते हे हसत म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. “ती म्हणते, आता तरी या. दारचा बरका यंदा लगडलाय.”

मी विचारलं, मग जूनअखेरपर्यंत का थांबताय? तोवर पाऊस लागेल, फणस पाणचट होऊन जातील. काम सोपवायचं राहिलंय का?

“काम कधीच सोपवलं. रजाही शिल्लक आहे. पण पार्टी आहे ना.”

“पार्टी तर तुमच्यासाठीच आहे.”

“म्हणून तर. इतक्या हौसेने करताहेत. नादीन मॅडमनी बॅनर सांगितलाय, बॉसचं तिकीट काढलंय. मीच कसं म्हणू, मला जाऊ द्या?”

मी त्या पँट्रीत बसून हे सगळं एकदा मनात नीट मांडून पाहिलं. या माणसाला सांदण खाऊ घालायचं म्हणून ऑफिसने त्याला ठेवून घेतलं होतं. आणि ते खरं सांदण खायची वेळ त्याच ठेवून घेण्याने टळणार होती. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मी स्वतः दोन आठवडे त्याच कामाला लागले होते आणि वाफेचं पाणी ठिबकू नये म्हणून कापडं बांधत होते.

मी विचारलं, मी नादीनशी बोलले तर चालेल? त्यांनी नको म्हटलं. मग थोड्या वेळाने म्हणाले, “माझं नाव न घेता जमेल?” मी म्हटलं, तुमच्याच डेबद्दल तुमचं नाव न घेता कसं बोलू? शेवटी म्हणाले, “बोला. इन्शाल्ला.”

नादीन मीटिंगमधून आली ती थेट वाडग्याकडे. उभ्याउभ्या एक सांदण संपवलं आणि फारच छान म्हणाली. मी म्हटलं, ऑर्डर रद्द कर.

“काय बिघडलं? मला तर आवडलं.”

“पदार्थ ठीक आहे. तारीख चुकीची आहे.”

मी तिला सांगितलं. फणसाचं, पावसाचं, ऑगस्टचं, आठळ्यांचं. तिने विचारलं की हे त्याने तिला का सांगितलं नाही. मी म्हटलं, तू इतकं प्रेमाने करत होतीस म्हणून. मग ती स्वतःच्या गावाबद्दल बोलली. तिच्या आईच्या अंगणात अंजिराचं झाड आहे. अंजीर ऑगस्टच्या शेवटी पिकतात आणि तेव्हाच इथल्या शाळा उघडतात. मुलं शाळेत जायला लागल्यापासून तिने झाडावरचं अंजीर खाल्लेलं नाही. आई जॅम करून ठेवते.

“जॅम चांगला असतो,” ती म्हणाली. “पण तो जॅम असतो.”

तिने बाहेर जाऊन यासीनभाईंना बोलावलं आणि माझ्यासमोर विचारलं की शुक्रवारच्या विमानाने जाता येईल का. ते म्हणाले, बॉस येणार आहेत. नादीन म्हणाली, घड्याळ कुरिअरने येईल, बॉसशी मी बोलते, खलास. यासीनभाई माझ्याकडे वळले. ते मला म्हणाले, “मॅडम, तुमची मेहनत फुकट गेली.” मी म्हटलं, आमच्याकडे निम्म्या ट्रायल फुकटच जातात.

विवेकला सांगणं जास्त अवघड गेलं. “काकू, सेल्सवाले ऑर्डर आणतात. क्वालिटीवाले ऑर्डर घालवतात हे मी पहिल्यांदा बघतोय,” तो म्हणाला. दिवसभर माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी येऊन विचारलं, बरका फणस दिसतो तरी कसा? मी त्याला कागदावर काढून दाखवला. तो म्हणाला, हा तर बाहेरून तसाच आहे. मी म्हटलं, बाहेरून तसाच असतो.

नादीनने जूनअखेरची पार्टी केलीच. बॅनर छापून झाला होता. यासीनभाईंच्या गैरहजेरीत यासीन डे साजरा झाला आणि आम्ही मँगो कपकेक पाठवले. सांदणाची रेसिपी मी पुन्हा कुठल्याच बॉक्समध्ये घातली नाही.

ते गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मला त्यांचा व्हॉइस मेसेज आला होता. मागे कोंबड्यांचा आवाज होता आणि एक बाई कुणाला तरी ओरडत होती, बहुधा त्यांनाच. “मॅडम, आता सांगू शकतो. तुमच्या सांदणात मीठ कमी होतं. आणि फणस नव्हताच.” एवढंच. मी तो मेसेज आजोबांना दोनदा ऐकवला. माझ्या सगळ्या नोकरीत इतका अचूक फीडबॅक मला कुणी दिला नाही.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले; आजोबांच्या व्हिसावर अजून इथेच आहे. डे बॉक्स अजून चालू आहेत असं विवेक सांगतो. अमेरिकेच्या कॅलेंडरला काही हरकत नाही. डोनट वर्षभर होतो, त्याला कुठलाही दिवस दिला तरी चालतो. ज्याचा सीझन असतो त्याला आपण दिवस देऊ शकत नाही. आपल्यालाच त्याच्या दिवसांत तिथे पोचावं लागतं.

मुलांनो, तुमची शाळा जूनच्या शेवटी सुटते. तुम्ही जुलैत येता तेव्हा इथे येणाऱ्या हापूसच्या पेट्या केव्हाच बंद झालेल्या असतात. मी मे महिन्यात रस काढून फ्रीझरमध्ये ठेवते. तुम्ही तो खाता आणि “यमी” म्हणता. मी खूश होते, पण तुम्हाला विचारत नाही की कशाशी ताडून म्हणता. पेटी उघडल्यावर घरभर येणारा वास तुम्हाला माहीत नाही. गवतातून एकेक आंबा उचलून दाबून बघायचा, आज याचा नंबर, उद्या त्याचा, हेही नाही. यंदाही पेटी आली तेव्हा मी आणि आजोबा दोघंच होतो. दोघांना मिळून एक आंबा दोन दिवस पुरला.

तुमच्या आईला मी कधी एक दिवस शाळा बुडवू दिली नाही, तापसुद्धा मोजून बघायचे. तिला हे वाचून दाखवायला सांगा. इथवर आली की थांबवा आणि म्हणा, आजी म्हणते, पुढच्या वर्षी तिकिटं मेच्या मध्यावरची काढ. शाळेला काय कळवायचं ते मी चांगल्या इंग्रजीत लिहून देते.