करवंटीचा कोळसा

एकोणीसशे नव्वदच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका लहान कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. करवंटीच्या कोळशापासून वीज साठवणारी चकती करायची, एवढंच काम होतं. बॅटरीसारखी, पण झटकन भरणारी. वाशीच्या आमच्या सोसायटीतल्या बायका नारळ फोडला की करवंट्या माझ्या दाराशी आणून ठेवत.

कंपनीच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात करवंट्या भरून मी डबा पेटत्या लाकडांवर ठेवला. तीनदा उघडला, तिन्ही वेळा आत निम्मी राख. साहेब म्हणाले, "आणखी आठवडाभर बघू. नाहीतर बंद."

प्रयोगशाळेची साफसफाई करणाऱ्या मावशी जवळच्याच तळवली गावच्या. झाडू टेकवून त्या डब्यात डोकावल्या.

"बाय, याला हवा लागली. झाकनाची फट लिपली नाय तू."

दुसऱ्या दिवशी त्या घमेलंभर चिखल घेऊन आल्या. फट लिपली, धूर जायला बोटाएवढं भोक ठेवलं आणि मला शेजारी बसवून घेतलं. "पांढरा धूर हाय तवर हात लावू नको. निळा होऊन बंद झाला का भोक बुजव. मंग उद्या उघड."

मी तसंच केलं. सकाळी डबा उघडला तर करवंट्या जशाच्या तशा, फक्त काळ्याभोर. एकावर एक आपटल्या तर काचेसारख्या वाजल्या.

पुढचं काम माझं होतं. तो कोळसा बारीक छिद्रं पडावीत म्हणून भट्टीत वाफ सोडून तापवला, दळला, त्याच्या चकत्या दाबल्या. चकत्यांच्या तीन जोड्या एकीला एक जोडून दोन सेलांवर भरल्या आणि त्यांना एक बारका लाल दिवा लावला. सेल काढून घेतल्यावरही दिवा मिनिटभर जळत राहिला. चकत्या पुन्हा भरून मी मावशींना हाक मारली. दिवा विझेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

"कोलशान वीज ऱ्हाते?"

"राहते ना, मावशी. तुमच्यामुळे."

"मी काय केला? माजे सासूनी शिकवला."

अहवालाच्या शेवटी मी मावशींचे आणि त्यांच्या सासूबाईंचे आभार मानले. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली, हसले आणि तशीच राहू दिली.

त्या चकत्या बाजारात कधी आल्या नाहीत. पुढे कंपनीने तोच कोळसा पाणी गाळायला विकला. मला मात्र त्या कामाच्या जोरावर पुढची नोकरी मिळाली, आणि मुलाखतीत कोळशाबद्दल विचारलं तेव्हा मी धुराच्या रंगापासूनच सुरुवात केली होती. पुस्तकात ते मला कुठेच सापडलं नव्हतं.