पाठ फिरवलेला दाढीवाला

त्याला सगळे धसका म्हणत, आणि ते नाव त्याने स्वतःच्या कष्टाने कमावलं होतं. कुलूप लावून चार पावलं गेला की परत येऊन ओढून बघणार. सरसाच्या भांड्याखालची शेगडी विझली का, हे हात लावून बघणार, आणि मग हात भाजला म्हणून वेगळी काळजी करणार. माप तीनदा घ्यायचा. तिन्ही वेळा सारखं आलं तर फूटपट्टीवरच संशय.

थोरला भाऊ होता तोवर हे खपून गेलं. कोरीवकाम दादाचं, धसक्याकडे घासणं आणि सांधेजोड. दादा वारल्यावर वर्षभर कारखान्यात कोरायची पटाशी कुणी उचलली नव्हती. मग एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं कपाट दुरुस्तीला आलं. अक्रोडाचं, जुन्या युरोपी रेनेसाँ धाटणीचं. खाली सिंहाचे पंजे, दारांवर फळांच्या माळा आणि दोन्ही खांबांच्या माथ्यावर एकेक दाढीवाला चेहरा. दाढ्या कसल्या, हनुवटीतून फुटून गळ्यापर्यंत वळत गेलेली पानंच ती! डावा दाढीवाला किडीने फस्त केला होता. तो नव्याने कोरायचा होता.

"हे जमलं तर मी कोरणारा," धसका वहिनीला म्हणाला, "नाहीतर जन्मभर घासकाम."

"जमेल हो भाऊजी," पॉलिशचं फडकं पिळत वहिनी म्हणाली. "फक्त लाकडाआधी नखं कुरतडून संपवू नका."

जुन्याला शोभेलसं लाकूड कपाटाच्याच तळाशी निघालं, तेही एकाच चेहऱ्यापुरतं. तीन आठवडे त्याला झोप नव्हती. लाकूड तडकेल का? नाकावर गाठ येईल का? उजव्या चेहऱ्याचं पान न् पान कंपासने मोजून त्याने डावा कोरला. उजव्याच्या भुवईचा टवका उडालेला होता, तोसुद्धा नकलेत उतरवला, आणि चेहरा खांबावर बसवला.

बाई चार वाजता येणार होत्या. तीन वाजता वहिनी मेण लावायला कपाटासमोर उभी राहिली आणि तिचा हात थांबला.

"भाऊजी, ह्या दोघांचं भांडण झालंय का हो?"

धसक्याने पाहिलं. दोघांनी दारांवरून एकमेकांकडे बघायला हवं होतं. उजवा बघत होता. डावा मात्र त्याच्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत होता. हुबेहूब नक्कल करण्याच्या नादात आरशातल्यासारखा उलटा कोरायचा राहूनच गेला होता! जगातल्या साऱ्या काळज्या त्याने वाहिल्या, नेमकी हीच तेवढी सुटली.

"अदलाबदल करू या?" वहिनीने विचारलं.

"केली तरी दोघं एकाच बाजूला बघणार. अहो, मी जोडीदार नाही, जुळा भाऊ कोरलाय!"

"मग गप्प बसा. बाईंना नाही कळायचं. तोंड उघडलंत तर बघा."

बाई आल्या. चष्मा चढवून त्यांनी दाढीवरून बोट फिरवलं. "वा! नवा कुठला तेच कळत नाही."

वहिनी धसक्याकडे डोळे वटारून बघत होती. बाई पिशवीत पाकीट शोधू लागल्या.

"बाई, चुकलंय," तो म्हणाला.

वहिनीने कपाळाला हात लावला. त्याने अडखळत सगळं सांगितलं.

"मला तर कळलंही नसतं," बाई म्हणाल्या.

"मला कळतंय ना. पुन्हा कोरतो. पण जुनं लाकूड संपलं. नवं फिकं दिसेल, कायमचं."

बाईंनी पिशवी मिटली. धसक्याला वाटलं, आता घासकाम पक्कं.

"मुलांना मी चुकलेलं दहा वेळा लिहायला लावायचे," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदाच कोरा. दिसू दे फिकं. पण उलटं कसं कोरणार?"

धसका आत गेला आणि मोरीवरचा आरसा घेऊन आला. वहिनीचे हात मेणाने बरबटलेले, म्हणून आरसा बाईंच्या हातात दिला. उजव्या चेहऱ्याशेजारी त्यांनी तो धरला आणि पलीकडे हवा तो दाढीवाला उमटला. कागद, पेन्सिल घेऊन तो आरशासमोर बसला. पहिली रेघ वाकडी गेली. ती खोडून त्याने दुसरी ओढली.

"तरी मला वाटलंच होतं, की..." बाई सांगू लागल्या.

"बाई, आरसा हलतोय. सरळ धरा. आणि नाक होईपर्यंत बोलू नका."

वहिनीने जीभ चावली. उभं आयुष्य इतरांना गप्प बसवत आलेल्या बाईंनी आरसा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि श्वाससुद्धा बेताने घेऊ लागल्या.