दुखरा खांदा आणि एक दावा

आमच्या कारखान्यात हृदयाचे स्टेंट बनतात. फ्लूची लस द्यायला दरवर्षी एका एजन्सीची नर्स तिथेच येते. त्या दिवशी रांग मोठी होती. मी टॉपचा गळा डाव्या खांद्यावरून खाली ओढला आणि उभ्याउभ्याच लस घेतली. सुई दंडात जायला हवी होती, ती पार वर, हाडाजवळ गेली. हात दोन दिवस दुखतो, हे ठाऊक होतं. माझा दुखायचा थांबलाच नाही.

डाव्या कुशीवर झोपता येईना, उजव्या कुशीवर हात लोंबून ठणकायचा. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की बसावंसं. परदेशातल्या, क्लोनडॉकिन गावातल्या आमच्या लहानशा घरात मी नुसती येरझारा घालत होते. नागपूरहून आलेली आई माझी वेणी घालून द्यायची.

"सुईनं कोणाचा खांदा जाते का वं?" ती विचारायची.

स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, जातो. लस स्नायूत न जाता सांध्यापाशी गेली होती.

नवऱ्याने मला एका सॉलिसिटरकडे, वकीलबाईकडे नेलं. "लशीच्या इजेसाठी या देशात वेगळी भरपाई योजना नाही," ती म्हणाली. "टोचणाऱ्याची चूक सिद्ध करावी लागेल. आणि दोन वर्षांच्या आत दावा लावावा लागेल."

चूक म्हणजे त्या नर्सची. प्रत्येकाची आपुलकीने चौकशी करणारी, पन्नाशीची बाई. मी सकाळी दावा लावायचा ठरवत होते आणि संध्याकाळी सोडून देत होते.

मग एकदा ती सुपरमार्केटात भेटली. मी उजव्या हाताने डावा कोपर धरला होता, तिकडे बघत तिने विचारलं, "हे माझ्यामुळे?"

मी सगळं सांगितलं. तिने हातातला ब्रेड रॅकवर परत ठेवला.

"तुला बसायला सांगायला हवं होतं. रांग बघून मी घाई केली," ती म्हणाली. "दावा लाव. एजन्सीचा विमा त्यासाठीच असतो. मला विचारलं तर मी खरं तेच सांगेन."

माझ्या जिवाला त्याने स्वस्थता आली नाही, उलट घालमेल वाढली. तिने नाकारलं असतं, तर निदान रागावता आलं असतं.

दावा लावला. तिने शब्द पाळला आणि एजन्सीने कोर्टाबाहेर तडजोड केली. "So we won? Grand," लेक म्हणाली आणि वर खोलीत गेली. आई म्हणाली, "तुह्या हक्काचंच होतं ते." फिजिओथेरपीने हात आता कानापर्यंत जातो, त्याच्यावर नाही.

पुढच्या वर्षी लस द्यायला दुसरीच कोणी आली. पहिली स्वतःहून गेली की तिला काढलं, मला कळलं नाही. एजन्सीला फोन करून विचारावं, असं मनात येतं. मी नंबर लावते आणि कोणी उचलायच्या आत बंद करते.