गाडीपाशी थांबणारा माणूस

माझ्या मावशीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, जन्मभर लोकांना शहर दाखवलं. ते सहलीच्या बसवर ड्रायव्हर होते. समुद्रकाठच्या त्या अवाढव्य शहरात कुठून कुठून माणसं सुट्टी घालवायला येत, आणि काका त्यांना दिवसभर हिंडवून संध्याकाळी हॉटेलच्या दारात सुखरूप आणून सोडत. पण खुद्द काकांना शहर विचारा! म्युझियम म्हणजे सावली चांगली, पण पक्षी गाडीचा टप घाण करतात. मत्स्यालय म्हणजे गाडी मागे घेताना खांब सांभाळायचा. राजवाडा म्हणजे फाटकासमोर चहा बरा मिळतो. प्रवासी आत गेले की ड्रायव्हरने गाडी सोडायची नाही असा नियम, आणि काका नियमाचे इतके पक्के की तहान लागली तरी एक हात गाडीवर ठेवून पाणी पीत, असं मावशी म्हणते. मावशीच्या बोलण्यातलं निम्मं मी सोडून देते, पण हे मला खरं वाटतं.

माझा काकांवर फार जीव. घरी जेवायला बसलं तरी "सगळे आले का? निघू या?" असं विचारूनच पहिला घास घेणारा हा माणूस.

मावशीचं लग्न झाल्यापासून एकच मागणं होतं: एकदा तुमच्याबरोबर हे शहर बघायचं. काका म्हणायचे, "अगं, रोज तिथेच असतो मी. सुट्टीच्या दिवशीही तेच?" मग लेकाची शाळा आली, त्याच्या परीक्षा आल्या, शेवटी मावशीचे गुडघे आले. "दिव्याखाली अंधार, दुसरं काय!" एवढं बोलून मावशी कामाला लागायची. बघता बघता काका निवृत्त झाले, बसची किल्ली ऑफिसात जमा झाली, आणि लेकाने दोघांना आपल्याकडे, समुद्रापासून लांब, कायमचं राहायला बोलावलं. मी सुट्टी काढून सामान बांधायला गेले होते. खोकी बांधता बांधता मावशीने हातातली दोरी खाली टाकली.

"मी ट्रकमध्ये बसणार नाही," ती म्हणाली. "आधी शहर, मग ट्रक."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. मावशीने ठेवणीतले कपडे घातले होते, केसही दोनदा विंचरले होते. म्युझियमच्या फाटकाशी काकांनी तिकिटं काढली आणि आमच्या हातात दिली.

"जा, सावकाश बघून या. मी गाडीपाशी थांबतो."

"कुठली गाडी?" मावशीने विचारलं.

काकांनी मागे वळून पाहिलं. मागे भलत्यांच्याच गाड्या. त्यांनी किल्लीचा खिसा चाचपला, तर तोही रिकामा. "बरं, मग इथेच झाडाखाली थांबतो," ते म्हणाले. "बाहेर आल्यावर तुम्हाला शोधायला नको."

मत्स्यालयापाशी पुन्हा तेच. जित्याची खोड! आत मोठ्या काचेमागून मासे जात होते आणि मावशी सारखी "अहो, हे बघा" म्हणून वळत होती. प्रत्येक वेळी मागे मी. 'अहो'च्या जागी मी किती पुरणार? बाहेर आलो, तर काका हाताने खुणा करत एका परक्या बसला मागे घेत होते. "येऊ द्या, येऊ द्या... बास!" चेहरा असा खुललेला, की माझं डोकंच फिरलं.

"काका, तुम्ही आत का येत नाही?" मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं.

"धाकधूक होते गं," ते खरं काय ते बोलले. "माणूस बाहेर आलं आणि समोर आपलं कोणी दिसलं नाही, तर कसं वाटेल त्याला?"



शेवटी दीपगृह राहिलं. तिथे पोचल्यावर मावशी फाटकाकडे गेलीच नाही. गाड्या लावायच्या जागेतल्या कट्ट्यावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"तुम्ही दोघं जा वर. मी गाडीपाशी थांबते."

तो आवाज काका ओळखतात. ते निमूटपणे माझ्यामागून जिना चढले. वर वारा नुसता भणाणत होता आणि नजर जाईल तिथवर समुद्र पसरला होता. मी हरखून बघत राहिले. काका मात्र उलट्या बाजूचा कठडा धरून खाली वाकले होते.

"काका, समुद्र इकडे आहे."

"ती बघ ना," ते म्हणाले. "कोणीही बाहेर आलं की मान वर करून बघते. आणि मग परत खाली घालते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ही अशी कधीपासून बसली आहे गं?"

आत्ताच तर आपण वर आलो, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण काका ते विचारत नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही वाऱ्याने नव्हे.

ते तरातरा जिना उतरले. मावशीसमोर उभे राहून त्यांनी रिकाम्या खिशात हात घातला, हवेतल्या हवेत किल्ली फिरवली, आणि ती नसलेली किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

"गाडी बंद केली. आता ही तुझ्याकडे."

मावशीने मूठ मिटली. "आणि माझ्याकडून हरवली तर?"

"हरवू दे."

"गुडघ्यांचं काय?"

"थांबत थांबत जाऊ. घाई कुणाला आहे?"

तिने पिशवी माझ्याकडे दिली आणि त्यांचा हात धरून उठली. दोघं फाटकापर्यंत गेली. मग मावशी वळून म्हणाली, "अगं, तू पण चल की!"

मी तिच्या जागेवर कट्ट्यावर बसले आणि म्हटलं, "जा, सावकाश बघून या. मी गाडीपाशी थांबते."