विंगेतला माणूस पहिल्या रांगेत

खरं सांगा, सत्कार करण्याआधी त्या माणसाला काय हवंय हे कोणी विचारलेलं तुम्ही कधी पाहिलंय का? पुष्पगुच्छ केवढा आणायचा यावर मिटिंगा होतात. स्मृतिचिन्ह काचेचं की लाकडाचं यावरून दोन तट पडतात आणि माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात. ज्याच्यासाठी हे सगळं, तो बिचारा घरी बसून म्हणत असतो, उरका बाबांनो एकदाचं.

कुजबुजकाकांचंही असंच चाललं होतं. फरक एवढाच, की त्यांना कोणी विचारलं नाही तरी त्यांनी आपण होऊन सांगितलं.

काका पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला. सकाळची पाळी. मोटरींच्या घरघरीत आयुष्य गेलेलं, तिथे शेजारच्याला वेळ विचारायची तरी ओरडावं लागायचं. आणि संध्याकाळी हाच माणूस हौशी नाट्यमंडळाच्या विंगेत स्टुलावर बसून नटांना वाक्यं पुरवायचा, कुजबुजत. प्रॉम्प्टर. सकाळी ओरडायचं आणि संध्याकाळी कुजबुजायचं, यात घशाचं पार भुस्कट झालं होतं. काकू म्हणायच्या, "आमच्या ह्यांना माणसासारखा मधला आवाज देवाने दिलाच नाही."

विंगेतल्या कामाचा साधा नियम असा, की नट अडला तर शब्द द्यायचा. काकांना तो पटत नसे. अडेपर्यंत वाट कशाला बघायची? अडला की घाबरतो, घाबरला की पुढचंही विसरतो. म्हणून ते प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द आधीच सोडून द्यायचे, नट श्वास घेतोय तोवर, फुंकर घातल्यासारखा. कोणाला पत्ता लागायचा नाही. आजूबाजूच्या मंडळांत या मंडळाचा लौकिकच होता, की यांच्याकडे कोणी म्हणून अडत नाही. बक्षिसं यायची ती नटांच्या हातात. काका तेव्हा मागे पडदे घडी करत असायचे. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. दमलेल्या माणसाला घडी करणं बरं वाटतं, त्यात बोलावं लागत नाही.

वाटायचं ते एकाच गोष्टीचं. काकू या मंडळाच्या हुकमी नटी. दिवसा शाळेचे गणवेश शिवायच्या, संध्याकाळी राणी, मोलकरीण, वेडी आत्या, पडेल ती भूमिका करायच्या. आणि काकांनी त्यांचं प्रत्येक काम पाहिलं होतं ते डावीकडून. डावा कान, डावा गाल, मानेवरचा घाम, आणि घाईत पाठीला खोचलेल्या टाचण्या. गल्लीतली माणसं थांबवून म्हणायची, "काय डोळे लावतात हो तुमच्या मिसेस शेवटच्या प्रवेशात, आमची ही तर रडतच होती." काका म्हणायचे, "हो ना." काय डोळे लावतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या वेळी त्यांचे स्वतःचे डोळे संहितेत असायचे.

आता काकूंच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा आणि उभं राहण्याची कामं सोडा. हातात एक प्रयोग राहिला होता, जुन्या लॉजच्या मालकिणीचा. तो झाला की बस.

याच सुमाराला मंडळाचे सेक्रेटरी पंपघरात येऊन उभे राहिले.

"काका, तुमचा सत्कार करायचं ठरलंय," ते ओरडले.

"काय?"

"सत्कार. तुमचा."

"कशाबद्दल?"

या प्रश्नाची सेक्रेटरींनी तयारी केलेली नव्हती. "रंगसेवेबद्दल," ते आणखी जोरात ओरडले. "लॉजच्या प्रयोगाच्या आधी. अध्यक्षांच्या हस्ते. नाही म्हणू नका, बॅनर छापायला गेलाय."

काकांनी हात पुसले आणि सेक्रेटरींना बाहेर आणलं, जिथे जरा ऐकू येत होतं. "एक मागू का?"

"मागा की," सेक्रेटरी म्हणाले, पण एक पाय मागे घेऊन.

"त्या दिवशी मला विंगेत बसवू नका. नाटक समोरून बघायचंय. हिचं शेवटचं आहे."

"हात्तिच्या, एवढंच? पहिल्या रांगेत, मधोमध. अध्यक्षांच्या शेजारी."

"अध्यक्ष नसले तरी चालेल. विंगेत कोण बसेल?"

"माझी मेहुणी आहे ना. जन्मभर मास्तरीण होती. तिचं वाचन ऐकून वर्गातला पंखा बंद पडायचा."

मास्तरीणबाई तालमीला आल्या, काकांच्या शेजारी बसल्या, चष्मा लावून संहिता वाचून काढली आणि म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. अडल्याशिवाय मी शब्द देणार नाही. आधीच उत्तर सांगितलं की मुलं अभ्यास सोडतात."

काकांनी मान हलवली. बरोबरच होतं, पुस्तकी नियम तोच. आपण काय करतो हे त्यांनी बाईंना सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. काहींना पाय हलवायची सवय असते, आपल्याला ही, असं ते धरून चालले होते. रंगीत तालमीच्या दिवशी बाईंकडे पाहुणे आले, म्हणून स्टुलावर काकाच बसले. तालीम गुळगुळीत झाली. मालकिणीच्या मुलाचं काम करणारा विमावाला खूश होऊन म्हणाला, "काका, आता मला झोपेतून उठवून विचारा, सगळं पाठ आहे." त्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. विमावाल्यानेसुद्धा.

प्रयोगाच्या दिवशी आधी सत्कार. तो किती वेळ चालला हे विचारू नका. अध्यक्ष लाकडाचे व्यापारी. मंडळाची तालमीची खोली त्यांनी गेल्याच वर्षी फळ्या ठेवायला मागून घेतली होती, तेव्हापासून तालमी शाळेच्या व्हरांड्यात होत. ते गृहस्थ कलेला आश्रय देण्यावर बोलले. मग ज्यांनी आजवर एकही प्रयोग शेवटपर्यंत बसून पाहिला नव्हता ते बोलले. काका खुर्चीत हातातल्या पुष्पगुच्छामागे बसून होते. पहाटेपासून पंपावर उभं राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या. त्यांना एकच कळत होतं, की हे संपल्यावर पडदा उघडणार आहे. बोलायला सांगितलं तेव्हा माइकसमोर जाऊन त्यांनी सवयीने कुजबुजल्या आवाजात "आभारी आहे" म्हटलं. माइकमुळे ते पहिल्यांदाच सगळ्या हॉलला ऐकू गेलं. लोक हसले.

मग ते खाली आले, पहिल्या रांगेत बसले, स्मृतिचिन्ह मांडीवर ठेवलं, पुष्पगुच्छ खुर्चीखाली सरकवला आणि पडदा उघडला.

काकू जिन्यावरून उतरून आल्या. हातात किल्ल्यांचा जुडगा. मधोमध येऊन थांबल्या आणि त्यांनी समोर बघितलं. काकांना क्षणभर ही बाई ओळखूच आली नाही. हिचा उजवा गाल डाव्यापेक्षा जास्त बोलतो, हे त्यांना इतक्या वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं. न बोलता नुसती नजर फिरवून तिने सगळं रिकामं लॉज दाखवलं. शेजारी अध्यक्षांनी घसा खाकरला, काकांना ते मोटरीसारखं लांबून ऐकू आलं.

विमावाला आत आला. बॅग ठेवली. आईकडे बघितलं. तोंड उघडलं.

आणि उघडंच राहिलं.

विंगेत मास्तरीणबाई थांबल्या होत्या. त्यांच्या हिशेबाने मुलगा विचार करत होता. विमावाल्याच्या हिशेबाने शब्द येतच असणार. दोघंही एकमेकांची वाट बघत होते आणि मध्ये सगळा हॉल. शेवटी बाईंनी शब्द दिला, खणखणीत, वर्गात देतात तसा. विमावाला दचकला, मग त्याचं वाक्य सरळ शेवटपर्यंत गेलं. पुढच्या वाक्याला पुन्हा तेच. मॅनेजरचं काम करणारा आला, तोही दारात खिळला. वाक्यं सगळ्यांची पाठ होती. पाठ नव्हता तो फक्त पहिला शब्द. तो कोणी कधी पाठ केलाच नव्हता, कारण तो नेहमी डावीकडून यायचा.

काका खुर्चीच्या कडेला सरकले. प्रेक्षक अजून शांत होते, नव्या पद्धतीचं नाटक असेल अशा समजुतीत. काकांच्या ओठांवर पुढचा शब्द आपोआप आला आणि निसटला.

"श्श्," अध्यक्ष म्हणाले. "नाटक चालू आहे."

मग काकूंची पाळी आली. काकू आजवर कधीही अडल्या नव्हत्या, अगदी तापात काम केलं होतं तेव्हाही नाही. त्यांनी श्वास घेतला, मान किंचित डावीकडे वळवली, इतकी किंचित की फक्त काकांनाच कळावी, आणि थांबल्या. तिकडे अंधारात चष्म्याच्या दोन काचा चमकत होत्या. काकू परत वळल्या. त्यांनी समोर बघितलं, पहिल्या रांगेत, मधोमध. ज्या डोळ्यांबद्दल काका एवढं ऐकून होते ते आता सरळ त्यांच्यावर लागले होते, आणि ते नाटकातल्या मालकिणीचे नव्हते.

खुर्चीत बसून राहावं असं काकांना वाटलं. मनापासून वाटलं. आज उठायचं नाही, अडू देत, पडू देत, लोक हसू देत. एकदा तरी. पण तिचंही आज शेवटचंच होतं.

ते उठले. स्मृतिचिन्ह अध्यक्षांच्या मांडीवर ठेवलं, दुसरी जागाच नव्हती. बाजूच्या दाराने, तीन पायऱ्या चढून, विंगेत शिरले. मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"अहो, यांना प्रत्येक वाक्याला लागतं?"

"प्रत्येक वाक्याला नाही. सुरुवातीला."

"म्हणजे प्रत्येक वाक्याला."

"हो बाई. उठा जरा."

बाई उठल्या. काकांनी संहिता उघडली नाही, काकूंकडे बघत पहिला शब्द सोडला. काकूंचे खांदे सैल झाले. वाक्य आलं, त्यामागे दुसरं, मग विमावाला, मग सगळेच, आणि लॉज रांगेला लागलं. शेवटच्या प्रवेशात हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज आले. काका डावीकडून ऐकत होते. घसा एवढा सुकला होता की शेवटचे शब्द नुसते ओठांनीच दिले. काकूंनी तेही घेतले.

प्रयोगानंतर मेकअपच्या खोलीत गर्दी झाली. मोठ्या वर्तमानपत्रात लिहिणारे एक गृहस्थ सुरुवातीच्या शांततेबद्दल विमावाल्याचं अभिनंदन करत होते आणि विमावाला ते स्वीकारत होता. सेक्रेटरी काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काका, तुमच्याशिवाय मंडळ नाही हे आज सिद्ध झालं. आता पुढच्या वर्षीही तुम्हीच."

काका कोपऱ्यात गेले. काकू गुडघे लांब करून बसल्या होत्या, अर्धा रंग पुसलेला.

"बघितलंत का?" काकूंनी विचारलं.

"बघितलं. तू जिन्यावरून आलीस, थांबलीस, सगळीकडे बघितलंस. तेवढं."

"तेवढंच?"

"तेवढंच."

काकूंनी कापूस हातात तसाच धरून ठेवला. "मला सगळं येत होतं हो. नुसतं..."

"माहीत आहे."

"कसं होतं पण? जेवढं बघितलंत तेवढं?"

काका स्टुलावर बसले. सांगायचं खूप होतं, पण घशातून हवाच आली. त्यांनी मान हलवली, हात हलवला, मग तिच्या हातातला कापूस घेतला आणि तिचा उजवा गाल पुसायला लागले, सावकाश, थांबत थांबत.

मंडळात कोणालाही हे काम शिकायला लावता आलं असतं, आणि नटांना आपापला पहिला शब्द पाठ करायला सांगता आलं असतं. त्यापेक्षा बॅनर छापणं सोपं होतं. तुमच्या भागातही असा कोणीतरी असेलच, दिव्यांपाशी, पडद्यापाशी, तिकिटांच्या खिडकीत. त्याचा सत्कार ठरवायला बसाल तेव्हा एवढं करा. पुष्पगुच्छ राहू द्या. पुढच्या तालमीला त्याच्याकडे जा, त्याचं काम नीट शिकून घ्या, आणि एक प्रयोगभर त्याच्या जागेवर तुम्ही बसा.