पिवळ्या लिंबाचा तक्ता

साताऱ्यात मामांच्या घराचं दार उघडलं आणि मी ओढणी नाकाला लावली. आंबूस, कडू वास येत होता, आणि त्याच्या खाली काहीतरी कुजल्याचा. मी मामीकडे पाहिलं. ती मला जिन्याखाली घेऊन गेली. तिथे एक पोतं होतं. मामीचं माहेर आटपाडीच्या बाजूचं, तिच्या भावाची तिथे लिंबाची झाडं आहेत. दर उन्हाळ्यात तो कागदी लिंबांचं पोतं पाठवतो. या वेळचं पोतं तसंच पडून होतं. तळाची लिंबं काळी होऊन फुटली होती, वरच्यांवर हिरवीपांढरी बुरशी लवीसारखी उभी होती आणि पोत्यातून घाण पाणी फरशीवर ओघळलं होतं. चिलटं उठली आणि माझ्या तोंडावर आली.

"ह्यांनी घरात वापरू दिली न्हाईत, आन् माहेरचं मला टाकवंना," मामी म्हणाली.

"का वापरू दिली नाहीत?"

"त्यांनाच इचार."

मामा माझ्या आईचे थोरले भाऊ. गाव कुंडल, पण फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर साताऱ्यातच राहिले. आयुष्यभर वेळेवर उठले, वेळेवर जेवले. त्यांना कुणी नीट हुकूम दिला की ते तो पाळतात, फक्त देणाऱ्याचा आवाज ठाम पाहिजे. गेल्या वर्षी घराजवळ एक बाई वजन उतरवण्याचे वर्ग घेऊ लागल्या. स्वतःला वेलनेस कोच म्हणवतात. मामा तिथे जाऊ लागले.

मी आत गेले तेव्हा ते टेबलाशी बसले होते. समोर काचेच्या जगमध्ये पिवळट पाणी, ताटलीत मॉलमधल्या मोठ्या पिवळ्या लेमनच्या चकत्या. एक चकती ते गालात धरून चोखत होते.

"ये, बस. साडेतीन किलो उतरलो बग," ते म्हणाले आणि ढेकर दिला. त्याचा आंबट भपकारा टेबलाच्या या बाजूला माझ्यापर्यंत आला.

"मामा, किती पिताय हे?"

"दिसातनं सात ग्लास. पयला उपाशीपोटी, कडकडीत गरम."

"आणि जिन्याखालची लिंबं?"

"ती गावठी. नुस्तं अ‍ॅसिड. हाडं खातं ते. जीवनसत्त्व हाय ते ह्या पिवळ्यात." मग हसून म्हणाले, "आन् हे मी कुणाच्या जिवावर बोलतोय? तुज्याच की!"

त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर माझा तक्ता होता.

मी कराडच्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. दोन वर्षांपूर्वी एका महिला मंडळासाठी मी हा तक्ता केला होता. एका बाजूला पिवळं लेमन, दुसऱ्या बाजूला आपलं कागदी लिंबू. पहिल्या ओळीत खरं तेच लिहिलं होतं: सी जीवनसत्त्व लेमनमध्ये थोडं जास्त. खाली लिहिलं होतं की कॅल्शियम कागदी लिंबात किंचित जास्त, उष्मांक दोन्हींत नगण्य, आंबटपणा जवळपास सारखाच. आणि सगळ्यात शेवटी ठळक अक्षरांत: माणूस ताटात अर्धी फोड पिळतो, तेवढ्यात हा फरक जाणवतही नाही, सी जीवनसत्त्व हवं असेल तर पेरू खा, आवळा खा, लिंबू ताजं आणि जवळ मिळेल ते घ्या, पालेभाजीवर पिळा, भाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

फोनवर फक्त पहिली ओळ होती. खालचं सगळं कापलं होतं. त्या जागी त्या बाईंच्या पिवळ्या पावडरीच्या पाकिटाचं चित्र होतं. आणि माझं नाव, पदवीसकट, तसंच ठेवलेलं.

हे चित्र वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं होतं. मी त्या ग्रुपवर मागचे मेसेज पाहायला बोट सरकवलं आणि लगेच फोन उलटा ठेवला. लोकांनी सकाळी शौचाला काय पडलं त्याचे फोटो टाकले होते. खाली अभिनंदनं, टाळ्या, फुलं. 'विष बाहेर पडतंय, छान!' असं कोचबाईंचं उत्तर. त्यात एक फोटो मामांचाही होता. न्हाणीघराची निळी फरशी मी ओळखली. लहानपणी ज्या माणसाच्या कडक इस्त्रीच्या शर्टाला हात लावायची भीती वाटायची, त्याचा हा फोटो मी पाहिला. तो डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

"मामा, तोंड उघडा," मी म्हणाले.

त्यांनी उघडलं. पुढचे दात कडेला काचेसारखे पातळ झाले होते, हिरड्यांपाशी पिवळे खड्डे पडले होते. दर ग्लासानंतर ते ब्रश करत, तोही कचकचून. आंबटाने मऊ झालेल्या दातावर लगेच ब्रश घासला की दाताचा वरचा थर निघतो, हे मी समजावून सांगितलं. तक्ता कापलाय हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "रविवारी वर्गाला चल. म्याडमलाच सांग."

मी गेले. मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती, बरीचशी निवृत्त फौजी आणि त्यांच्या बायका. कोचबाईंनी दोन ग्लास मांडले. एकात कागदी लिंबाचा रस, दुसऱ्यात पाकिटातली चिमूटभर लेमन पावडर भरपूर पाण्यात ढवळून. दोन्हींत अंड्याचं टरफल टाकलं. कागदी लिंबाच्या ग्लासात टरफलाला बुडबुडे धरले, वर मळकट फेस आला.

"बघा, तुमची हाडं अशी विरघळतात!" त्या म्हणाल्या. बायकांनी तोंडाला पदर लावले.

मी उभी राहिले. "मॅडम, दुसऱ्या ग्लासात नुसतं पाणीच आहे. त्या पिवळ्या लिंबाचा निव्वळ रस घ्या ना."

त्यांचा नाइलाज झाला. टेबलावर शोभेला ठेवलेलं लेमन त्यांनी पिळलं आणि टरफल टाकलं. तसेच बुडबुडे, तसाच मळकट फेस. मला वाटलं, संपलं.

कोचबाई हसल्या. "आता बघा! हे डिटॉक्स होतंय. टरफलातला मळ निघतोय!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून. समोर एकाच प्रकारचे दोन फेसाळ ग्लास, आणि माणसं एकाला विष आणि एकाला औषध म्हणत होती. मी तक्ता कापल्याचं बोलू लागले तशी मागून कुणीतरी "बसा वो ताई" म्हणालं. मी मामांकडे पाहिलं. ते उठले.

"भाची हाय माजी," ते म्हणाले. "पण तिचं सगळं पुस्तकातलं. हितं आमी अनुभव घेतोय."

त्यांच्यासाठी जास्तच टाळ्या पडल्या. मी चप्पल घालून खाली आले, रिक्षा केली आणि थेट स्टँड गाठला. कराडच्या गाडीत बसल्यावर खिडकीशी तोंड नेऊन दीर्घ श्वास घेतला. मला त्या बाईपेक्षा त्या टाळ्यांची शिसारी येत होती.

महिन्याभरात मामीचा फोन आला. भाकरीचा पापुद्रा चावताना मामांचा पुढचा दात तुटला होता. दाताच्या डॉक्टरांनी पाच दात दुरुस्त करावे लागतील म्हटलं आणि लिंबूपाणी बंद करायला सांगितलं. तो आवाज ठाम असावा, कारण त्या दिवसापासून मामांनी त्या काचेच्या जगला हात लावला नाही. पोतं मामीने एकटीने उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकलं. फरशीवरचा डाग मात्र घासूनही गेला नाही म्हणाली. मी भेटायला गेले तेव्हा मामा भाताची पेज चमच्याने पीत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लय चुकलं गं." मी त्यांना त्या रविवारच्या वर्गाबद्दल काही बोलले नाही. तुटका दात त्यांनी कागदात गुंडाळून ठेवला होता, तो दाखवला. मला तो बघायचा नव्हता, पण बघितला.

त्यानंतर एका दुपारी कोचबाईंचा मला फोन आला. आवाजात साखर. "मॅडम, त्या रविवारचं मनावर घेऊ नका, तुमच्यासारखं शिकलेलं माणूस आम्हाला हवंय. तुमच्या तक्त्यामुळे आमचं काम किती वाढलं! कराडला शाखा काढतोय, तुम्ही सल्लागार म्हणून या."

मी बरंच काही ऐकवणार होते. दात, पोतं, फोटो, सगळं जिभेवर होतं. पण बाहेर पेशंट थांबले होते, आणि अनोळखी माणसाशी मी नेहमी बोलते त्या गोड, सभ्य आवाजात माझ्या तोंडून निघालं, "विचार करून सांगते हं."

फोन ठेवला आणि मला स्वतःचीच इतकी किळस आली, की बेसिनशी जाऊन मी चूळ भरली. मग पुन्हा तोच नंबर लावला, आणि या वेळी नाही म्हणाले. का नाही, हेही सांगितलं, तक्त्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत.